सकाळी थंड इंजिन अडखळत सुरू होतं? पहिल्या मिनिटातच दोष पकडा

डिसेंबर लागला की निफाड, नाशिक, नगर, महाबळेश्वर या पट्ट्यातल्या गॅरेजांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा कानावर येते. “सकाळी पहिला सेल्फ मारला की गाडी खडखडते, थरथरते, एखाद वेळी बंदच पडते. पाच-दहा मिनिटं चालली की मग काही नाही, एकदम मस्त.” मालक गाडी घेऊन गॅरेजला पोचतो तोवर अकरा वाजलेले असतात, इंजिन तापलेलं असतं आणि मिस्त्रीसमोर गाडी कुरकुरतही नाही. मग अंदाजाने प्लग बदलले जातात, इंजेक्टर साफ होतात, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) उघडली जाते, बिल होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तेच.

थंड इंजिनचा दोष थंड इंजिनवरच दिसतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीचं पहिलं मिनिट नीट पाहिलं, ऐकलं आणि लिहून ठेवलं, तर बिघाड बॅटरीकडचा आहे, पेट्रोलकडचा, ठिणगीकडचा की हवेकडचा, एवढं घराच्या दारातच कळतं. त्यासाठी मेकॅनिक असावं लागत नाही. हा लेख मुख्यतः आजच्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. सीएनजी आणि डिझेलबद्दल शेवटी वेगळं लिहिलं आहे. आणि हो, इंजिन थंड असायला हवा थंड असावीच लागते असं नाही. मुंबईत पारा २४ अंशांवर असला तरी रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी थंडच असते. कडाका फक्त दोष जास्त उघडा पाडतो.

आधी हे बघा: हा दोष आहे का?

थंड इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही. फवारलेल्या थेंबांतले बरेच थेंब इनटेकच्या, म्हणजे हवा आत नेणाऱ्या वाटेच्या, गार भिंतीला चिकटून राहतात. म्हणून गाडीचा कॉम्प्युटर, म्हणजे इसीयू, सुरुवातीला मुद्दाम जास्त पेट्रोल सोडतो आणि आयडलिंगही वाढवतो. सकाळी स्टार्ट केल्या केल्या काटा १२०० ते १५०० आरपीएमवर गेला आणि दोन-तीन मिनिटांत हळूहळू ७००-८५० पर्यंत उतरला, तर ते बरोबर आहे. सायलेन्सरच्या वाटेतला, धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून बऱ्याच गाड्यांत त्या वेळी ठिणगीही उशिरा दिली जाते, त्यामुळे आवाज थोडा भरडा लागतो. सायलेन्सरमधून पांढरी वाफ आणि चार थेंब पाणी येणंही नेहमीचंच. टियागो, क्विड किंवा एक लिटरवाली वॅगन-आर अशी तीन सिलिंडरची गाडी असेल तर आयडलिंगला थोडी थरथर जन्मजात असते.

हे मात्र नेहमीचं नाही: सेल्फ तीन-चार सेकंद फिरूनही इंजिन न पेटणं, पेटून लगेच बंद पडणं, काटा सारखा वर-खाली होणं, एक सिलिंडर मेल्यासारखा ठरावीक लयीत धक्का बसणं, चेक इंजिनचा दिवा लागणं किंवा लुकलुकणं, पेट्रोलचा उग्र वास, निळा धूर. यातलं एक जरी रोज सकाळी दिसत असेल तर पुढे वाचा.

रात्रीची तयारी

गाडी संध्याकाळी उभी करा आणि किमान सहा-आठ तास हलवू नका. “जरा पुढे घेऊ का” म्हणून कोणी मध्ये चालू केली तर सकाळचं निरीक्षण वाया गेलं. सामान फार लागत नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, ओबीडी पोर्टला (इसीयूतले आकडे आणि दोषांचे कोड वाचायच्या सॉकेटला) लावायचा छोटा ब्लूटूथ अडॅप्टर आणि त्याचं मोबाइल ॲप, टॉर्च, वही. ओबीडीचा पोर्ट बहुतेक गाड्यांत स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ असतो. शक्य असेल तर सकाळी घरातल्या कोणाला मदतीला घ्या, कारण मीटर बघणं आणि चावी फिरवणं एकट्याने नीट जमत नाही.

वहीत आधीच लिहून ठेवा: टाकीत पेट्रोल किती आहे, शेवटचं कुठे आणि कधी भरलं, बॅटरी किती वर्षांची, प्लग शेवटचे कधी बदलले, आणि हा त्रास नेमका कशानंतर सुरू झाला. सर्व्हिसिंगनंतर, पावसात गाडी पाण्यातून नेल्यानंतर की गाडी दोन आठवडे उभी राहिल्यानंतर? या शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून अनेकदा अर्धं निदान होतं.

सुरक्षेचं एकदाच सांगतो. बंद शटरच्या गॅरेजात किंवा तळघरातल्या कोंदट पार्किंगमध्ये इंजिन चालू ठेवून काम करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणूस मारतो. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. ओढणी, मफलर, सैल बाही पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर.

पहिलं मिनिट

चावी लावण्याआधी बॉनेट उघडा आणि बॅटरीचं व्होल्टेज मोजा. दार उघडल्यावर गाडीतली इलेक्ट्रॉनिक्स जागी होते, म्हणून दोन-चार मिनिटं थांबून मोजलेलं बरं. १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण चार्ज, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या आसपास असेल तर पुढची सगळी निरीक्षणं बॅटरी चार्ज करूनच करा, कारण अशक्त बॅटरी दुसऱ्या दहा दोषांची सोंगं घेते.

मग चावी ऑन करा, पण सेल्फ मारू नका. ओबीडी ॲपमध्ये दोन आकडे शोधा: कूलंटचं (इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्याचं) तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान. रात्रभर उभ्या गाडीत हे दोन्ही आकडे एकमेकांच्या अगदी जवळ, दोन-चार अंशांच्या फरकात, आणि बाहेरच्या हवेएवढे असायला हवेत. बाहेर १० अंश आहेत, हवेचा सेन्सर ११ दाखवतो आणि कूलंटचा सेन्सर ५५, तर चोर सापडला. इंजिन तापलेलंच आहे असं इसीयूला वाटतं, तो थंडीतलं जास्तीचं पेट्रोल देतच नाही आणि गाडी उपाशीपोटी सुरू व्हायला धडपडते. उलट, सेन्सरची वायर तुटली असेल तर ॲप उणे ४० सारखा अशक्य आकडा दाखवतं. ही चाचणी फुकट आहे, तिला अर्धा मिनिट लागतो, आणि तरीही ती क्वचितच कोणी करतं, कारण दुपारी गॅरेजमध्ये ती करताच येत नाही.

सेन्सरची खात्री मल्टिमीटरनेही होते. बहुतेक गाड्यांत या सेन्सरचा रेझिस्टन्स २० अंशांना दोन ते तीन हजार ओहमच्या दरम्यान असतो आणि ८० अंशांना तीनशेच्या आसपास उतरतो. नेमका आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल. सेन्सर ठीक निघाला तर त्याचा कनेक्टर उघडून बघा. हिरवट गंज किंवा आत झिरपलेलं कूलंट दिसलं तर दोष तिथे आहे.

आता मोबाइलवर व्हिडिओ सुरू करा. मीटरबोर्ड दिसला पाहिजे, आवाज ऐकू आला पाहिजे. एसी, दिवे, म्युझिक बंद. क्लच पूर्ण दाबा, ॲक्सिलरेटरला पाय लावू नका आणि सेल्फ मारा. मदतनीसाने त्या वेळी बॅटरीवर लावलेला मीटर बघायचा आहे: सेल्फ फिरताना व्होल्टेज ९.६ च्या खाली जाता कामा नये. इंजिन सुरू झाल्यावर ते १३.८ ते १४.५ च्या दरम्यान चढलं तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर बरा आहे. सलग दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नका. मध्ये अर्धा मिनिट तरी विश्रांती द्या, नाहीतर सेल्फची मोटर तापते.

जे घडलं ते लगेच लिहा. यानंतर वाट फुटते.

सेल्फच रडत फिरला तर

हा बॅटरीचा, वायरिंगचा किंवा ऑइलचा मामला आहे, इंजेक्टरचा नाही. थंडीत बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं ऑइल इंजिन फिरवायला जास्त जोर मागतं.

सुरुवात टर्मिनलपासून करा. पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर आधी निगेटिव्ह टर्मिनल सोडवा, मग पॉझिटिव्ह. गरम पाणी आणि जुन्या टूथब्रशने साफ करा, सँडपेपरने चमकवा, घट्ट बसवा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. बसवताना क्रम उलटा: आधी पॉझिटिव्ह. मग अर्थिंग तपासा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरून सेल्फ मारायला सांगा. मीटरवर अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आलं तर अर्थिंगची पट्टी गंजली किंवा सैल झाली आहे. नवी बॅटरी टाकूनही सेल्फ रडतो अशा गाड्यांत ही पट्टी हमखास बघावी.

टर्मिनल स्वच्छ, अर्थिंग चांगलं, रात्रभर चार्ज केली तरी सकाळी १२.२? मग बॅटरी लोड टेस्टला न्या. बॅटरीच्या दुकानात ती करून मिळते. बॅटरी चांगली निघाली तर रात्री काहीतरी करंट खातंय: बाहेरून बसवलेला जीपीएस, डॅशकॅम, म्युझिक सिस्टिम यांच्यावर पहिला संशय.

ऑइलचा ग्रेडही बघा. डब्यावरच्या आकड्यांत डब्ल्यूच्या आधीचा आकडा थंडीतला पातळपणा सांगतो. तो जितका लहान तितकं ऑइल गारठ्यात सहज वाहतं. कंपनीने ०डब्ल्यू-२० किंवा ५डब्ल्यू-३० सांगितलं असताना कोणी “महाराष्ट्रात गरम असतं” म्हणून २०डब्ल्यू-५० ओतलं असेल तर सकाळी इंजिन जड फिरणारच. मॅन्युअलमधला ग्रेड पाळा, चर्चा नको.

अडलेल्या दिवशी दुसऱ्या गाडीवरून जंप स्टार्ट करायचं असेल तर क्रम पाठ करा. लाल केबल आधी आपल्या पॉझिटिव्हला, मग मदतीच्या गाडीच्या पॉझिटिव्हला. काळी केबल मदतीच्या गाडीच्या निगेटिव्हला आणि तिचं शेवटचं टोक आपल्या इंजिनच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून लांब. बॅटरीजवळ हायड्रोजन वायू असू शकतो आणि शेवटचं टोक लावताना ठिणगी उडते, म्हणून हा लांबचा टप्पा. धक्का मारून सुरू करण्याची जुनी सवय मात्र इंजेक्शनच्या गाडीत सोडा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो पार्ट महाग आहे.

सेल्फ जोरात फिरतो, पण पेटायला वेळ लागतो

इथे पेट्रोलचं प्रेशर बघायचं. गाडी बंद केल्यावरही पाइपमध्ये प्रेशर टिकून राहावं म्हणून पंपात एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो ढिला पडला की रात्रभरात पेट्रोल टाकीत परत जातं, आणि सकाळी पंपाला पुन्हा प्रेशर तयार करायला वेळ लागतो.

चाचणी सोपी आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी चावी ऑन करा, मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंदांचा घूं आवाज येईल, तो थांबला की चावी बंद. असं तीनदा करा आणि मग सेल्फ मारा. आज गाडी चटकन पेटली, तर प्रेशर रात्री गळत होतं हे जवळपास नक्की. काही गाड्यांत दार उघडतानाच पंप फिरतो, तिथे हा फरक कमी जाणवतो. आवाजच आला नाही तर पंपाचा फ्यूज आणि रिले बघा.

तीनदा चावी फिरवूनही फरक नाही, आणि सेल्फ मारताना पेट्रोलचा वास येतो? मग उलट शक्यता: एखादा इंजेक्टर रात्रभर थेंब थेंब गळतोय आणि इंजिन पेट्रोलने भिजलंय. पुढच्या सकाळी ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारून पाहा. बऱ्याच गाड्यांत असं केलं की इसीयू सेल्फ फिरेपर्यंत पेट्रोल बंद ठेवतो आणि फक्त हवा आत जाते. अशाने गाडी खोकत पेटली आणि मागून काळा धूर आला, तर गळका इंजेक्टर गॅरेजात बेंचवर तपासून घ्यायचा. पेट्रोलच्या पाइपला घरी हात लावू नका. त्यात तीन-चार बारचं प्रेशर असतं आणि फवारा तापल्या भागावर उडू शकतो.

जुन्या पेट्रोलबद्दलही इथेच. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते: शुद्ध पेट्रोलला एका किलोमागे १४.७ किलो हवा, तर इथेनॉलला सुमारे ९. इंजिन तापल्यावर ऑक्सिजन सेन्सर हा हिशेब जुळवून घेतो, पण पहिल्या मिनिटात तो सेन्सर गार असतो आणि इसीयू साठवलेल्या आकड्यांवर चालतो. त्यामुळे शुद्ध पेट्रोलसाठी बनलेली जुनी गाडी, आणि त्यात बॅटरी, प्लग आधीच कमजोर, असा योग जुळला की सकाळची कुरकुर वाढते. गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर इथेनॉल हवेतलं पाणीही शोषतं, आणि पाणी फार झालं की ते थर होऊन टाकीच्या तळाशी बसतं. अशा गाडीत ताजं पेट्रोल घालण्याआधी जुनं काढून टाकणंच बरं.

लगेच पेटते, पण एका लयीत धक्के देते

याला गॅरेजच्या भाषेत गाडी मिस मारते म्हणतात. एखाद्या सिलिंडरमध्ये मिश्रण जळतच नाही. ओबीडी ॲपमध्ये कोड वाचा. पी ०३०० म्हणजे मिसफायर आहे पण एका सिलिंडरचा नाही. पी ०३०१ पहिला सिलिंडर, ०३०२ दुसरा, असं पुढे. दिवा लागलेला नसला तरी “पेंडिंग” कोड बघा. सकाळचा थोडा वेळ येणारा दोष बरेच दिवस तिथेच लपलेला असतो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी दामटू नका, कन्व्हर्टर जळतो.

समजा कोड ०३०२ आहे. आता अदलाबदलीची चाचणी करा, आणि ती नवशिक्यालाही जमते. इंजिन पूर्ण गार असताना, चावी काढून, दुसऱ्या सिलिंडरचा इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीसाठी जास्त व्होल्टेज देणारा भाग) सोडवा: एक कनेक्टर, एक बोल्ट, आणि कॉइल सरळ वर ओढायचा. पहिल्या सिलिंडरचाही तसाच काढा. आत टॉर्च मारून बघा. प्लगच्या विहिरीत ऑइल किंवा पाणी साचलं आहे का? कॉइलच्या रबरी टोपणाला बारीक तडे किंवा कोळशासारखी काळी रेघ आहे का? ती रेघ म्हणजे ठिणगी प्लगपर्यंत न जाता बाजूने पळते आहे याची खूण. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यानंतर हे फार दिसतं. आता दोन्ही कॉइल एकमेकांच्या जागी बसवा, कोड पुसा आणि गाडी रात्रभर तशीच ठेवा. सकाळी कोड ०३०१ झाला तर दोष कॉइलबरोबर सरकला, म्हणजे कॉइलच खराब. ०३०२ वरच राहिला तर कॉइल निर्दोष. आता त्याच पद्धतीने प्लगची अदलाबदल करा. तरीही कोड जागचा हलला नाही तर उरतात इंजेक्टर, वायरिंग आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. प्रत्येक सकाळी एकच गोष्ट बदला. एका दमात कॉइल, प्लग आणि फिल्टर बदलले तर गाडी सुधारली तरी कशाने ते कळत नाही.

बहुतेक आडव्या, म्हणजे गाडीच्या रुंदीच्या दिशेने बसवलेल्या, इंजिनांत बेल्ट किंवा चेनच्या बाजूचा सिलिंडर पहिला असतो, पण एकदा मॅन्युअलमध्ये खात्री करा.

प्लग काढलाच आहे तर त्याचं तोंड नीट बघा. फिकट तपकिरी म्हणजे जळण छान. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी अशक्त. ओला आणि पेट्रोलचा वास म्हणजे तो सिलिंडर पेटतच नव्हता. तेलकट, चिकट काळा म्हणजे ऑइल आत येतंय. अगदी पांढरा, फोडासारखे दाणे आलेला म्हणजे जास्त तापतोय. इलेक्ट्रोडच्या कडा गोल झिजल्या असतील तर फट वाढलेली असते, आणि वाढलेली फट ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. नेमकी सकाळी, सेल्फने बॅटरी ओढलेली असताना, ते कमी पडतं. प्लग परत बसवताना पहिले फेरे हातानेच द्या. अडला तर उलट फिरवून पुन्हा धरा. हेड ॲल्युमिनियमचं असतं, आटे गेले तर काम फार वाढतं. शेवटचा घट्टपणा टॉर्क रेंचने, नसेल तर प्लगच्या खोक्यावर छापलेल्या कोनाएवढाच. इरिडियम प्लगचं बारीक टोक तारेच्या ब्रशने घासू नका.

पेटते, पण काटा नाचतो; रेस दिली तर टिकते

हवेच्या वाटेत गडबड आहे. एअर फिल्टर आधी काढून बघा, मळका असेल तर बदला. हा मुद्दा इतकाच. मग थ्रॉटल बॉडी. तिच्या पाकळीच्या कडेला काळा चिकट थर बसला की आयडलिंगची हवा अडते. चावी बंद ठेवून, थ्रॉटल बॉडी क्लीनर कापडावर मारून हलक्या हाताने पुसा. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची पाकळी चावी ऑन असताना बोटाने ढकलू नका. आतले गिअर प्लास्टिकचे असतात आणि बोटही अडकतं. साफसफाईनंतर काही गाड्यांत स्कॅनरने आयडलिंग पुन्हा शिकवावं लागतं, नाहीतर काटा उंचच राहतो.

दुसरा संशयित म्हणजे व्हॅक्यूम गळती. रबरी नळ्या आणि गॅस्केट थंडीत आकसून कडक होतात, फटीतून न मोजलेली हवा आत शिरते. तापल्यावर रबर फुगतं आणि फट बुजते. म्हणून त्रास फक्त सकाळी. बॉनेट उघडून सूं आवाज ऐका, नळ्या वाकवून तडे बघा, विशेषतः क्रँककेसमधून इनटेककडे जाणारी नळी. ॲपमध्ये फ्युएल ट्रिम नावाचा आकडा असतो, म्हणजे इसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त (अधिक) किंवा कमी (उणे) देतोय ते; इंजिन तापल्यावर तो अधिक-उणे १० टक्क्यांच्या आत असावा. आयडलिंगला अधिक १५-२० आणि २५०० आरपीएमला कमी होत असेल तर गळती हवेची. उलट रेसबरोबर वाढत असेल तर पेट्रोल कमी पडतंय. क्लीनरचा फवारा मारून गळती शोधायचे व्हिडिओ खूप आहेत, पण चालू इंजिनवर ज्वालाग्राही फवारा घरी मारू नका. गॅरेजात धूर सोडून गळती शोधता येते, तेच करून घ्या.

आणि उंदीर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये, ऊस किंवा द्राक्षबागांजवळ उभ्या राहणाऱ्या गाड्यांत रात्री उंदीर उबेला येऊन बसतात आणि इंजेक्टरच्या, सेन्सरच्या वायरी कुरतडतात. लेंड्या, कापूस, कुरतडलेलं इन्सुलेशन दिसलं तर बाकी तपास थांबवून आधी वायरिंग दुरुस्त करा.

धुराकडे दुर्लक्ष नको

पहिल्या सेल्फला निळ्या धुराचा लोट आणि मग साफ: व्हॉल्व्हचे सील झिजले आहेत, रात्री ऑइल आत झिरपतं. गाडी चालेल, पण ऑइलची पातळी दर आठवड्याला बघा.

दाट पांढरा, गोडसर वासाचा धूर, पहिल्या मिनिटात एकच सिलिंडर मिस मारतो, आणि कूलंटच्या बाटलीतली पातळी हळूहळू खाली जाते: हा सगळ्यात गंभीर प्रकार. हेड गॅस्केटमधून, म्हणजे इंजिनचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधल्या सीलमधून, रात्री कूलंट सिलिंडरमध्ये उतरतं. बाटलीवर मार्करने रेघ मारा आणि थंड इंजिनवर रोज तपासा. गरम इंजिनवर झाकण कधीही उघडू नका. पातळी खरंच उतरत असेल तर गाडी वापरणं थांबवा. इथे दुरुस्ती पुढे ढकलली की खर्च गॅस्केटवरून इंजिनवर जातो.

सीएनजीवाल्यांसाठी

कंपनीची किट असलेल्या बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन थोडं तापल्यावर गॅसवर जातात. मालक मात्र पेट्रोल विसरतो. टाकीत दोन लिटर जुनं पेट्रोल, पंप जवळजवळ कोरडा. हा पंप आजूबाजूच्या पेट्रोलनेच गार राहतो, त्यामुळे टाकी सतत तळाला ठेवली तर तो लवकर जातो. पाव टाकी पेट्रोल नेहमी ठेवा आणि दर महिन्याला काही किलोमीटर पेट्रोलवर चालवा. सकाळचा त्रास असेल तर आधी ताजं पेट्रोल भरा आणि आठवडाभर पेट्रोलवरच वापरून बघा.

सक्तीने गॅसवर सुरू करू नका. सिलिंडरमधला २०० बारचा गॅस रेग्युलेटरमध्ये एकदम प्रसरण पावतो तेव्हा तो भाग गोठायला लागतो आणि त्याला इंजिनच्या गरम कूलंटची ऊब लागते. सकाळी ती नसते. गॅस पेटायला ठिणगीही जोरकस लागते, म्हणून सीएनजीच्या गाडीत प्लग ठरल्या वेळेलाच बदला.

डिझेल असेल तर

डिझेलमध्ये स्पार्क प्लग नसतो, थंडीत हवा तापवायला हीटर प्लग असतात. मीटरबोर्डवरचा वेटोळ्याचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबून मगच सेल्फ मारा. सुरू झाल्यावर काही सेकंद खडखड आणि डिझेलच्या वासाचा पांढरट धूर म्हणजे एखादा हीटर प्लग मेलेला. प्लगची वायर काढून त्याचं टोक आणि इंजिनची बॉडी यांत रेझिस्टन्स मोजा. साधारण एक ओहम आला तर ठीक, मीटर काहीच दाखवत नसेल तर प्लग गेला. बदलायचं काम मात्र गॅरेजलाच द्या, कारण जुना हीटर प्लग आत मोडून बसतो.

हीटर प्लग चांगले असूनही सेल्फ लांबत असेल तर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरतेय का बघा. फिल्टर बदलल्यानंतर हा त्रास सुरू झाला असेल तर सील नीट बसलेलं नाही. फिल्टरमधलं पाणी काढून टाका. महाराष्ट्रातल्या थंडीत डिझेल गोठत नाही. आपली गाडी घेऊन हिवाळ्यात लडाखला जाणाऱ्यांनी मात्र तिथेच मिळणारं हिवाळी डिझेल भरावं. इंडियन ऑइलने ते २०१९ मध्ये तिथे आणलं आणि ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं.

गॅरेजला द्यायची तर

आदल्या संध्याकाळी गाडी नेऊन ठेवा आणि सांगा: “दादा, रात्री इथेच राहू दे, सकाळचा पहिला सेल्फ तुम्ही स्वतः मारा.” सोबत व्हिडिओ आणि वहीतले आकडे द्या. “गाडी नीट चालत नाही” यापेक्षा “थंड असताना कूलंट सेन्सर ५५ दाखवतो” हे ऐकल्यावर चांगला मिस्त्री थेट तिथेच हात घालतो. कोड मात्र गॅरेजला पोचण्याआधी पुसू नका. कोडबरोबर त्या क्षणाचं तापमान आणि आरपीएमही इसीयूत साठवलेलं असतं, ते सगळं त्याच्याबरोबर पुसलं जातं. बदललेला जुना पार्ट परत मागा.

दुरुस्ती झाल्यावर दुपारी गाडी छान चालली म्हणून काम संपलं असं मानू नका. घरी आणा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तोच क्रम: व्होल्टेज, दोन तापमानं, व्हिडिओ, पेंडिंग कोड. पहिल्याच सेल्फला पेटली, काटा १२००-१५०० वरून सरळ खाली उतरला आणि सलग तीन-चार सकाळी पेंडिंग कोड परत आला नाही, तर अडॅप्टर काढून डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून द्या. कोड परत आला तर जुना पार्ट आणि वहीचं पान घेऊन त्याच मिस्त्रीकडे जा, आणि गाडी पुन्हा संध्याकाळीच न्या.